मामांचं न वाढणारं झाड

सिरसाळ्याला आम्ही घर बांधलं तेव्हा दारात शोभेचं झाड हवं हा हट्ट माझाच. तुळस होती, जास्वंद होती, पण परळीतल्या बंगल्यांसमोर कुंडीत ऐटीत उभं असतं तसलं काहीतरी मला पाहिजे होतं. म्हणून परळीच्या नर्सरीतून सायकस आणलं. खाली अननसासारखं खोड आणि वर चहूकडे पसरलेली टोकदार पानं. पानांवर वीज केंद्राची राख बसलेली होती. ती मी ओल्या फडक्यानं पुसली आणि एसटीत कुंडी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईला सिरसाळ्यापर्यंत पानं टोचत होती, आणि ती सिरसाळ्यापर्यंत मला बोलत होती.

घरी येऊन ते कुंडीतून काढून दारापुढच्या मातीत लावलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, झाडाभोवती एक चक्कर मारली.

"पोरी, ह्याला फळ काय लागतं?"

"काही नाही."

"सावली?"

"नाही."

"मग जनावर तरी खातं का?"

"शोभेचं आहे मामा ते."

"म्हंजी पाव्हणाच हाय की. नुस्तं बसून पाणी प्यायचं," असं म्हणून ते आत गेले. मला असा राग आला!

मामांचा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मेंढरं विकली. मागं राहिली एक काळी शेळी आणि माळ्यावर ठेवलेली वाघर. वाघर म्हणजे मुक्कामाच्या जागी मेंढरं कोंडायची जाळी. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. वाळवणावर चिमण्या बसू नयेत म्हणून मी एकदा ती मागितली, तर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. तसंही आमच्यात बोलणं असं कितीसं होतं? ताट वाढलंय, औषध घेतलं का, एवढंच.

बोलणं सुरू झालं ते या झाडामुळं. सायकस वाढतच नव्हतं. जास्वंद भिंतीला लागली, शेजाऱ्यांचा शेवगा आमच्या अंगणात डोकावायला लागला, आणि हे जसंच्या तसं. मामा रोज सकाळी तोंड धुऊन झालं की तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायचे आणि मला हाक मारायचे, "पोरी, ये लवकर! बोटभर वाढलंय बघ!" मी खरंच धावत जायचे आणि ते खो खो हसायचे. आल्यागेल्यालाही दाखवायचे. "ह्ये आमच्या सूनबाईचं झाड. लई शाणं. जागचं हालत न्हाई." त्यांची थट्टा ऐकता ऐकता मला कळलं, की हे माणूस गप्प नव्हतं, मेंढरं गेल्यापासून त्याला बोलायला विषय नव्हता.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडी झाडाचा मधला गाभा फुगला आणि बघता बघता सगळी नवी पानं एकदम वर आली. पोपटी, मऊ, टोकाला गुंडाळलेली. मामांनी एका पानावरून बोट फिरवलं. "कोकराच्या कानावानी हाय गं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून माझ्याकडून चहा करून घेतला, नातवाचं बारसं असल्यासारखा.

आणि चहा चालू असतानाच शेळीनं मान लांबवली.

"मामा, ओढा तिला!" मी ओरडले.

"चाखू दे की. शेळी इख खात न्हाई. तिला समदं कळतं."

ही काही त्यांची लहर नव्हती. त्यांची सगळी हयात या एका विश्वासावर गेली होती. डोंगरात नवीन झुडूप दिसलं की आधी शेळी सोडायची. तिनं तोंड लावलं तर मेंढरं चरायला मोकळी, तिनं नाक फिरवलं तर कळप पुढं हाकायचा. शेळीनं त्यांना कधी फसवलं नव्हतं. तिनं कोवळी पानं मिटक्या मारत खाल्ली आणि मामा मंडळींकडं बघून हसले. "बघा, पाव्हणा कामाला आला."

दुपारनंतर शेळीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. रवंथ थांबला. उठायला गेली तर मागचे पाय लटपटले आणि ती बसली ती बसलीच. जनावरांचे डॉक्टर आले. काय खाल्लं विचारलं. मी झाडाकडं बोट केलं तसं त्यांनी कपाळाला हात लावला. हे झाड पानापासून बीपर्यंत विषारी, ते म्हणाले, पण आपल्या डोंगरातलं नाही, बाहेरून शोभेसाठी आलेलं. शेळीला काय माहीत? सुई दिली, सलाईन लावलं. जगेल का, ते आज सांगता येणार नाही म्हणाले.

मामा शेळीजवळ बसले ते उठेनात. जेवायला बोलावलं तर मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चहा घेऊन गेले तेव्हा खाली बघतच म्हणाले, "मला जनावर कळतं, एवढंच एक मला वाटत व्हतं गं. त्ये बी न्हाई."

मला शेळीपेक्षा त्यांचीच भीती वाटायला लागली. ती गेली असती तर हे माणूस पुन्हा त्या गप्पपणात गेलं असतं, आणि या वेळी कायमचं. मी तडक कुदळ आणली आणि झाडावर उगारली.

"कावून उपटती?" मामा मागून ओरडले.

"मग काय पूजा करू त्याची?"

"मारका मेंढा ऱ्हातोच की कळपात. त्याला कापून टाकतो व्हय? येगळा ठिवायचा." एवढं बोलून ते पुन्हा शेळीकडं वळले. मी कुदळ खाली टाकली, पण झाडाशी बोलले नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी अंगण झाडत होते. मामा शेळीच्या जबड्याला कान लावून बसले होते. मला हातानं थांब म्हणाले. मी खराटा थांबवला. शेळी रवंथ करत होती. हळू, थांबत थांबत, पण करत होती. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

शेळी अजून आहे. चालताना मागचे पाय जरा फाकवते, एवढंच.

ती उठून उभी राहिली त्या दिवशी मामांनी मला हाक मारली. "पोरी, माळ्यावरची वाघर काढ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी ती खाली आणली. लोकरीचा आणि धुराचा वास अजून होता तिला. मामांनी सायकसच्या चारी बाजूंनी मेखा ठोकल्या, गुडघे धरत, मला हात लावू न देता, आणि जाळी ताणून बांधली. माझ्या नव्या घराच्या दारात, रंगीत फरशीपुढं, ती मळकी जाळी. मी आत जाऊन तांब्या भरून आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला.

शेवटची गाठ मारून मामांनी तांब्या उचलला, जाळीवरून वाकून झाडाच्या बुडाशी पाणी ओतलं.

"आता पाव्हणा न्हाई ऱ्हायला," म्हणाले, "कळपातला झाला."