नजरेआड होईपर्यंत

आमच्या घराण्यात एक रीत आहे. गावाला निघालेला माणूस नजरेआड होईपर्यंत मागे राहिलेल्यांनी जागचं हलायचं नाही. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, त्याच्यामागे लगेच केर काढायचा नाही, हे तर सगळ्याच घरांत पाळतात. पण न हलण्याचा नियम खास आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते परभणीकडच्या खेड्यातून शिकायला हैदराबादला निघाले, तेव्हा त्यांचे वडील मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत फाट्यावर उभे राहिले होते. ही गोष्ट अण्णांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे, की ती धूळ आता माझ्याही नाकात आहे.

पुढे निघायची पाळी माझी आली. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. कॉम्प्युटर येणाऱ्या पोरांना परदेशी पाठवायला कंपन्या उतावीळ झाल्या होत्या. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा आमच्या बरकतपुऱ्याची अर्धी गल्ली बेगमपेटच्या विमानतळावर आली होती. माणशी तिकीट काढून सगळे आतपर्यंत आले. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, हातावर दही. मी जग जिंकायला निघालोय असंच वाटत होतं सगळ्यांना, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं.

मग ते जग जिंकणं अंगवळणी पडलं, आणि पुढे अंगावर आलं. सिंगापूरला नोकरी, हैदराबादला घर, मधे विमान. बेगमपेट बंद होऊन शमशाबादचं मोठं विमानतळ झालं. हार गेले, गल्ली गेली, राहिल्या त्या रांगा. पट्टा काढा, बूट काढा, लॅपटॉप बाहेर काढा, हात वर करा. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाला दर खेपेला नव्याने आपण चोर नाही हे सिद्ध करायला लावायचं, याचा मला वीट आला होता. रांगेत उभं राहिलं की माझं डोकं दुखायला लागायचं, अगदी ठरल्यासारखं.

अण्णांना मात्र रांगेचं वावडं नव्हतं. उलट प्रेमच होतं म्हणा ना. रॉकेलची रांग, गॅसची रांग, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नाव लावून बसणं, हे सगळं त्यांनी निमूटपणे केलं होतं. रांगेत उभं राहिलं की नंबर येतोच, असा त्यांचा सरळ हिशोब. शमशाबादला बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, तर त्यांनी काचेच्या भिंतीला एक जागा हेरून ठेवली. तिथून इमिग्रेशनकडे वळणारी रांग दिसते. मी रांगेत, ते काचेपलीकडे. मी इंच इंच पुढे सरकायचो, ते बघत राहायचे. मी शेवटच्या वळणाला पोचून हात केला, आणि दिसेनासा झालो, की मग ते वळायचे. मला जी रांग खायला उठायची, तीच त्यांना हवीहवीशी होती.

आई गेल्यापासून त्यांचं हे फारच वाढलं. तिचे गुडघे धरले होते, म्हणून ती असतानाच्या शेवटच्या खेपेला तिने मला घरातूनच निरोप दिला. गॅसवर दूध होतं. मी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत ती दूध उतरवायला आत वळली. मी पुन्हा यायच्या आधीच ती गेली. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, हृदयाचं. अण्णांनीही ते मान्य केलं. पण पुढच्या खेपेपासून पायाला सूज असली तरी ते विमानतळावर यायचेच. जास्त उभं राहायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्या ताकिदीचं काय झालं हे आपण समजूच शकता.

अशात सरकारने ती नवी योजना काढली. नेहमी ये-जा करणाऱ्यांची एकदाच कसून चौकशी करायची, बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायचे, आणि त्यांना भरवशाचे प्रवासी म्हणून वेगळ्या वाटेने सोडून द्यायचं. पासपोर्ट यंत्रावर ठेवा, चेहरा दाखवा, फाटक उघडतं. मी तर नाव द्यायला उडीच मारली. मंजुरी आली, तेव्हा माझ्यापेक्षा अण्णांनाच जास्त आनंद झाला. हिमायतनगरच्या मिठाईवाल्यापासून सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, की आमच्या पोराला आता रांग नाही, सरकारनेच सांगितलंय हा माणूस भरवशाचा आहे म्हणून. मला संकोच वाटायचा. पण इतक्या वर्षांत माझ्या पगाराचं, बढतीचं त्यांनी कधी कौतुक केलं नव्हतं, ते हे असं एकदम निघालं.

पहिल्या खेपेला मी नेहमीसारखा अण्णांच्या पाया पडलो, येतो म्हटलं, आणि आत शिरलो. नवी वाट दुसऱ्या बाजूला होती, एका जाड खांबाच्या आड. चेहरा दाखवला, फाटक उघडलं, संपलं. डोकं दुखायला वेळच मिळाला नाही. मी आत जाऊन फोन बंद केला, निवांत कॉफी घेतली, पाय ताणून बसलो. फार वर्षांनी मला प्रवास बरा वाटला. अण्णा आत्तापर्यंत घरी पोचून जेवले असतील, असंच मी धरून चाललो होतो.

सिंगापूरला उतरून फोन चालू केला, तर आमच्या ठरलेल्या टॅक्सीवाल्याचे निरोपावर निरोप. हा काचीगुड्याचा माणूस, वर्षानुवर्षं अण्णांना नेतो-आणतो. मी फोन लावला. तो हैराण झालेला होता. बडे साब काचेपासून हिलतेच नव्हते, म्हणाला. मी रांगेत दिसेन म्हणून ते वाट बघत उभे राहिले होते. रांगेत दिसलो नाही, म्हणजे आतच कुठेतरी अडकवून ठेवलं असेल, हा त्यांचा तर्क. त्याने परोपरीने सांगितलं, की साब गेले, त्यांची लाइन वेगळी आहे. अण्णांना योजना तोंडपाठ होती हो, गावभर सांगितली होती त्यांनीच. पण रांग नाही म्हणजे आपल्याला पोरगा दिसणारही नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही कुठे आलं होतं? शेवटी उभं राहवेना तेव्हा ते तिथेच फरशीवर बसले. पहाऱ्यावरच्या जवानांनी खुर्ची आणून दिली. टॅक्सीवाल्याने मोबाइलवर विमान उडाल्याचं दाखवलं, तेव्हा म्हणाले, विमान गेलं असेल, तो गेलेला मी बघितला नाही.

त्यानंतर ते बरेच दिवस पाय उशीवर ठेवून पडून होते. सुजेचं तर होतंच, पण त्याहून ते मनातून खचले. रोज सकाळी मला फोन. बरा आहेस ना, रस्ता नीट ओलांड, ताप नाही ना. मीटिंगमधे असलो आणि उचलला नाही, तर पुन्हा पुन्हा फोन. मी कंटाळून गेलो. खरंच सांगतो, प्रेमाचाही शीण येतो. एक दिवस मी स्पष्टच म्हटलं, की अण्णा, पुढच्या वेळी विमानतळावर येऊ नका, घरातूनच निरोप द्या.  

"तुझ्या आईनं घरातूनच दिला होता," अण्णा म्हणाले. "तू कोपऱ्यावर पोचायच्या आत वळली ती."

इतक्या वर्षांत ते हे पहिल्यांदाच बोलले.  हे सगळं खुळ्यासारखं आहे, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. शिकलेला माणूस आहे. पण मी पुन्हा जाईन तेव्हा ते मला नजरेआड होताना बघणार, नाहीतर पुन्हा भेट नाही असं धरून अंथरुणाला खिळणार, एवढं मला त्या एका वाक्यात समजलं.

म्हणून पुढच्या खेपेला परत निघताना मी गुपचूप जुन्या रांगेत जाऊन उभा राहिलो. लांबलचक रांग होती. आखातात निघालेले कामगार, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बायका, रडणारी पोरं. डोकं ठणकायला लागलं. म्हटलं ठणकू दे. काचेपलीकडे अण्णा काठीवर भार देऊन उभे होते, शेजारी टॅक्सीवाला. मी हात केला. त्यांनी केला नाही. खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेऊन बटणं दाबली, आणि माझा फोन वाजला.

मंजुरी काढून घेतली का तुझी, त्यांनी विचारलं. काही भानगड झालीय का, मला का सांगितलं नाहीस. मी म्हटलं काही झालेलं नाही. मग या रांगेत काय करतोयस, मी लोकांना काय सांगून बसलोय. ते चिडले होते, आणि घाबरलेही होते. मीही चिडलोच. बापासाठी चांगली वाट सोडून इथे घाम गाळतोय, तर वर उलटतपासणी.

"तुम्हाला दिसावं म्हणून उभा आहे, अण्णा," मी म्हटलं.

काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता, पण एवढ्या लांबून त्यावरचं काही वाचता येत नव्हतं. फोन कानाला तसाच धरलेला. रांग पुढे सरकली, मागच्याने मला बॅग ढकलायला सांगितली. मग अण्णांचा आवाज आला, अगदी हळू.

"जा तुझ्या रांगेनं. खांबाच्या अलीकडे थांबून एकदा हात कर. मग मी वळतो. तेवढं पुरे."

मी रांगेच्या दोरीखालून वाकून बाहेर आलो. पलीकडच्या टोकाला, खांबाच्या अलीकडे जाऊन थांबलो, वळलो, आणि हात वर केला. अण्णांनीही काठीचा हात वर केला. आणि खरोखरच वळले.

बोलले होते तसंच केलं त्यांनी. मी अजून दिसत असताना, पूर्ण दिसत असताना, त्यांनी पाठ फिरवली. एवढा मोठा नियम, आईच्या जाण्याशी बांधून ठेवलेला, माझ्या डोकेदुखीसाठी मोडला. मला खूप बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना हाक मारावीशी वाटली, पण त्या काचेतून कसली हाक जाते.

आता पुढे फाटक होतं. तीन पावलं टाकली असती तर गेलोच असतो. पण मला हलता येईना. दोघांपैकी कुणीतरी एकाने बघत राहायला पाहिजे ना. जवानाने पुढे व्हायची खूण केली. मी हाताने थांब म्हटलं. अण्णा काठी टेकत, ट्रॉल्यांच्या बाजूने, सावकाश चालले होते. इतकी वर्षं ते माझी पाठ बघत आले, त्यांची पाठ मी अशी कधी बघितलीच नव्हती. शर्ट खांद्यावर सैल झाला होता. एका जागी ते दम खायला थांबले. आता मागे बघतील असं वाटलं, पण नाही बघितलं.

माझ्यामागे सरकारच्या भरवशाची चार-पाच माणसं खोळंबली होती. एकाने घसा खाकरला, दुसरा काहीतरी पुटपुटला. पुटपुटू दे. बाहेर एक बस येऊन अण्णांच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. माणसं उतरली, सामान उतरलं. बस हलली तेव्हा तिथे अण्णा नव्हते, टॅक्सीवालाही नव्हता. मी आणखी थोडा वेळ बघितलं, आणि मग पासपोर्ट यंत्रावर ठेवला.