साबणकाकाचा पहिला घास

आमचा साबणकाका दिवसातून किती वेळा हात धुवायचा, ते त्याच्या विहिरीलाच ठाऊक. त्याचं खरं नाव घरात कोणी घेतच नसे. तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं शेत होतं. तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा भात सोडून त्यानं कळलावीचे वेल लावले, तेव्हा सगळे म्हणाले, याचं डोकं फिरलंय.

डोकं कसलं फिरतंय, तो नुसता भित्रा होता. नव्वद सालानंतर परदेशी औषधवाल्यांची माणसं फवारणीशिवायचं कळलावीचं बी शोधत आमच्या भागात यायला लागली. फवारणीला काका आधीच घाबरायचा, म्हणून त्याला हे पीक पटलं. मग कळलं, कळलावीचं बी विषारी आणि कंद तर त्याहून. तेव्हापासून कंदांची टोपली त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. ती बाहेर ओट्यावर ठेवायची, विहिरीवर जायचं, आणि परत आल्यावर ज्याला त्याला विचारायचं, "हात धुतलास काय?" आम्ही पोरं त्याच्या नकला करायचो.

त्या संक्रांतीला मी तिथेच होते. पोंगलच्या रसभाजीत घालायला शेजारी दर वर्षी किळंगु, म्हणजे कोनफळासारखे कंद, ओट्यावर ठेवून जात. त्या दिवशी काकाची टोपली तिथे दिसली, तेव्हा काकूला वाटलं, तेच आलेत. तिनं टोपली उचलली, कंद सोलले आणि भाजीत टाकले.

काका विहिरीवरून आला तो थेट स्वयंपाकघराच्या दारात. रिकामी टोपली पाहून त्यानं चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं.

"कोणी चाखलं?"

कोण चाखणार? नैवेद्याआधी त्याच्या घरी मीठसुद्धा वासावर ओळखायचं, इतकं कडक सोवळं.

"कोणी नाही," काकू म्हणाली. पण ती चुलीकडेच बघत होती.

काका तिच्यापाशी खाली बसला आणि ती सोवळ्यात असूनही तिचा हात धरला. "इकडे बघ. देव रागवत नाही. मी तर मुळीच नाही. चाखलंस काय?"

"मीठ बघितलं," ती म्हणाली. "आणि फोड शिजली का, तेही."

तंजावूरच्या इस्पितळात पोचेपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. इतकी मी आयुष्यात पुन्हा कधी घाबरले नाही. काका बाकावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिला.

काकू वाचली. केस मात्र मुठीमुठीनं गळून गेले. काका रोज तिच्या डोक्याला तेल चोळायचा, आधी हात धुऊन. वेल त्यानं मुळासकट काढले आणि तुळस, भुईआवळी लावली. तीही परदेशी जाऊ लागली.

पुढच्या संक्रांतीला नैवेद्याचं ताट वाढलेलं असताना काकानं पातेल्यातली भाजी घेतली, स्वतःच्या तोंडात घातली आणि काही होतंय का, याची वाट बघत बसला.

"देवाच्या आधी?" काकू पुटपुटली.

"त्याला विचारून घेतलंय मी. थांबा सगळे."

आम्ही भुकेले ताटकळत बसलो. असं तो मरेपर्यंत दर वर्षी करत राहिला.

आता संक्रांतीला माझ्या घरी भाजी उकळली की मी हात धुते, पहिला घास खाते आणि बाकीच्यांना थांबवून ठेवते. पोरं माझ्या नकला करतात.