पिठाचा डबा आणि बारवेचा दगड

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळी साडेदहा. स्थळ: गारखेड्यातल्या आमच्या वाचनालयाची वरची खोली. हजर: निवृत्त उर्दू शिक्षक शेख सर, कॉलेजात इतिहास शिकवणारी प्रज्ञा, संदर्भकाका आणि मी, म्हणजे वाचनालयाची ग्रंथपाल. गैरहजर: कोणी नाही. याशिवाय खोलीत हजर: स्टीलचा एक डबा, आत ज्वारीचं पीठ, अजून कोमट.

डब्याची नोंद मी मुद्दाम केली. डबा आला म्हणजे काकांचं कुणाशी तरी वाजलेलं असायचं. आम्ही चौघं इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात मराठी लेख लिहितो आणि दुरुस्त करतो. मानधन नाही, चहा ज्याचा त्याचा. जिल्ह्यातली गावं, बारवा, बाजार हा आमचा वाटा. या कोशात कोणीही लिहू शकतं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं कोणीही काढू शकतं, त्यामुळे भांडणांना तोटा नाही. काकांचा नियम असा की राग आला की संगणक तसाच सोडायचा आणि दळण घेऊन गिरणीत जायचं. "दळण होईस्तोर राग निवतो. मंग लिव्हायचं." नियम आम्हा सगळ्यांना लागू होता, पाळायचे मात्र ते एकटेच. काकू म्हणायच्या, "तुमचा इतिहास पेटला की आमच्या घरी पीठच पीठ होतं बघा. परवा शेजाऱ्यांना वाटलं."

संदर्भकाका हे नाव शेख सरांनी ठेवलं. हजेरीपत्रकात वेगळं नाव आहे, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मला आठवत नाही. वैजापूरला तहसील कचेरीत जुने कागद सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली, आणि कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवयही तिथंच गेली. भाजीवाली म्हणाली, "मेथी आजचीच आहे," तर हे विचारणार, "कशावरून?" लग्नात कुणी म्हणालं की मुलगा लई गुणी आहे, की हे शेजारच्याला कोपरानं डिवचून विचारणार, "संदर्भ?" एकदा काकू म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात, यंदा तुळजापूरला जाऊ." काका म्हणाले, "कुठं नोंद हाय?" काकूंनी कॅलेंडर आणून समोर धरलं. तारखेवर काकांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते निमूट तुळजापूरला गेले.

कोशात बदल केला की शेजारी त्याचं कारण एका ओळीत लिहायचं असतं. बाकीचे लिहितात, "दुरुस्ती" किंवा "चूक काढली." काका लिहायचे, "सदर वाक्य निराधार, सबब वगळले." एका पोरानं आपल्या गावाला "जगातील सर्वात सुंदर गाव" म्हटलं होतं, तिथं त्यांची नोंद आहे: "जगाची पाहणी झाल्याचे दिसून येत नाही." पोरगा चिडला, त्यानं काकांना नाही नाही ते लिहिलं. काकांनी दळण आणलं, मग त्याचा फोन नंबर मिळवून त्याला वाचनालयात चहाला बोलावलं. त्या पोरानं पुढे त्या गावाचा लेख इतका चांगला लिहिला, की गाव खरोखर बरं वाटायला लागलं.

मला ते हजेरीबाई म्हणत. "हजेरीबाई, तुमच्या यादीत माझा खोकला बी लिव्हा." मी लिहिला. औषध घेतलं का, हा रकानाही केला. तो रिकामाच राहिला.

आपल्या शहराचं नाव बदललं तेव्हा शहरावरच्या लेखात जे झालं ते सगळं सांगत बसत नाही. एक बाजू जुनं नाव पुसायची, दुसरी नवं पुसायची, आणि दोघांनाही वाटायचं की काका समोरच्यांचे. काकांनी आठ दिवस दोन्ही नावं, कोणत्या कागदावर कोणतं आणि कधीपासून, एवढंच लावून धरलं. मी विचारलं, "काका, इतक्या शिव्या खाता, त्रास नाही होत?" म्हणाले, "दोन्हीकडून सारख्या आल्या तर लेख बरोबर मधी हाय म्हणायचं. एकीकडून कमी पडल्या की मला झोप येत नाय." शेख सर म्हणाले, "मियाँ, दोनों तरफ की मिलाके एक किताब छापो. संदर्भ के साथ."

एका लेखाच्या बाबतीत मात्र ते मधोमध नव्हते, आणि हे आम्हाला कळायला फार वर्षं लागली.

देवगाव रंगारीच्या पुढे काकांचं गाव. तिथं एक जुनी बारव आहे, पायऱ्यांची, चौकोनी. लेखात पहिलंच वाक्य होतं: ही बारव गावच्या पाटलांनी स्वखर्चानं बांधली. पाटील म्हणजे काकांचे पणजोबा. वाक्याला संदर्भ होता, गावच्या शाळेची छापील स्मरणिका. प्रज्ञाचं आजोळही त्याच गावचं. तिनं त्याखाली एक वाक्य घातलं: ही बारव गावातल्या महार कुटुंबांनी खोदली आणि पाणी लागल्यावर त्यांनाच पायरी उतरायची मनाई झाली. काकांनी ते काढलं. "आजीची आठवण हा संदर्भ होत नाही, सबब वगळले." तिनं पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा काढलं. असं तीनदा झालं.

प्रज्ञा समोरासमोर म्हणाली होती, "काका, खोदणाऱ्यांची नावं लिहायला तिथं कारकून बसवला होता का कुणी?"

"नव्हता, पोरी. म्हणून तर अवघड हाय."

"तुम्हाला काय अवघड आहे? तुमचं वाक्य तर लेखात आहे."

प्रज्ञा त्यानंतरही दर महिन्याला येत राहिली, याचं मला कौतुक वाटायचं. तिचा राग गिरणीत निवण्यातला नव्हता.

त्या हिवाळ्यात गावानं बारव साफ करायला घेतली. गाळ निघाला, पायऱ्या मोकळ्या झाल्या. काकांचे धाकटे भाऊ, गावात त्यांना अण्णा म्हणतात, या कामात पुढे होते. बारवेच्या तोंडाशी एक दगड बसवायचा ठरलं आणि दगडावरचा मजकूर ठरला कोशातलं ते पहिलं वाक्य. दगड आला होता. कोरणारा सोमवारी येणार होता.

आणि आदल्या दिवशी, त्या बारा जानेवारीच्या रविवारी, काका पिठाचा डबा घेऊन आले.

शेख सरांनी विचारलं, "आज कायकू डब्बा, मियाँ? किससे झगडा हुआ?"

"हाय एक सदस्य. लई जुना. निराधार लिव्हतो, अन् वरून दुसऱ्याला संदर्भ मागतो."

"नाव सांगा, मी नोंदवून घेते," मी म्हणाले.

काकांनी संगणकावर बारवेचा लेख उघडला. प्रत्येक लेखामागे त्याची हकीकत साठवलेली असते, कोणी केव्हा काय लिहिलं ती. ते अगदी तळाशी गेले. पाटलांचं वाक्य पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं नाव आम्ही तिघांनी वाचलं. ते काकांचंच होतं. कोशात आल्याच्या पहिल्याच आठवड्यातलं, कोशातही संदर्भ द्यावा लागतो हे माहीत व्हायच्या आधीचं.

"बाप सांगायचा. म्हणून लिव्हलं."

मग त्यांनी पिशवीतून शाळेची स्मरणिका काढली. मागच्या पानावर, जाहिरातींच्या खाली, बारीक अक्षरात छापलेलं होतं: गावाची माहिती इंटरनेटवरील ज्ञानकोशातून साभार. म्हणजे काकांनी बापाच्या तोंडचं कोशात लिहिलं, शाळेच्या गुरुजींनी ते कोशातून स्मरणिकेत उतरवलं, आणि ती स्मरणिका हाती आल्यावर काकांनी ती संदर्भ म्हणून कोशात लावली. छापील पुरावा मिळाला म्हणून त्यांनी पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते. माझ्या त्या वर्षीच्या वहीत "बारव: संदर्भ मिळाला" यापुढे बरोबरची खूण आहे, माझ्याच हातची. मागचं पान मीही पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?" प्रज्ञानं विचारलं.

"दगडाचा मजकूर तपासाया घेतला तवा. बुधवारी. तवापासून तिसरं दळण हाय हे."

काकांनी चष्मा पुसला. "संदर्भ म्हणून माझा बाप चालला, अन् हिची आजी चालली नाय. वैजापूरला असं कुणी केलं असतं तर मी त्याच्यावर शेरा मारला असता." त्यांनी वाक्य काढलं आणि कारणाच्या जागी नेहमीसारखंच लिहिलं: सदर वाक्य निराधार, सबब वगळले. मग दोन्ही वाक्यं, पाटलांचं आणि प्रज्ञाच्या आजीचं, लेखाच्या चर्चेच्या पानावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींपुढे एकच शब्दजोडी: संदर्भ हवा.

प्रज्ञा म्हणाली, "माझं आता लेखात घालता येईल म्हणाला असतात, तरी मी नाही म्हटलं असतं. तुमचं निघालं म्हणून माझं, असं नको होतं मला."

"ठावं हाय," काका म्हणाले. "पीठ घेऊन जा थोडं."

सोमवारी सकाळी आम्ही चौघं गावात गेलो. दगड बारवेच्या कठड्याला टेकवून ठेवला होता, कोरणारा तंबाखू मळत बसला होता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादा, बापाला खोटं पाडतो व्हय?"

"खोटं नाय म्हणत. कागद सापडला तर मीच येऊन कोरीन."

"अन् नाय सापडला तर?"

"तर नाय."

"अख्खं गाव तुला कोशवाला म्हणून मिरवतं, अन् तू घरचंच नाव काढतो. लोकं पायऱ्या बघाया येतील, त्यांना काय कोरा दगड दाखवू?"

काका जाऊन पायरीवर बसले. कोरणाऱ्यानं विचारलं, "मंग मी जाऊ का?" अण्णांनी हात उडवला आणि ते घरी निघून गेले. आम्हाला कुणी चहा विचारला नाही. परतीच्या एसटीत शेख सर म्हणाले, "पहिली बार देखा, घर जाके भी चाय नै मिली." काका हसले, पण उशिरा.

पुढच्या बैठकीत त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं एक काम लिहिलं. इथल्या एका जुन्या वकिलांच्या घरी निजामकाळातले जमिनीचे उर्दू कागद आहेत, कापडात बांधलेले एकतीस गठ्ठे, त्यांना रुमाल म्हणतात. त्या गावचं काही असलं तर त्यात असेल. वकिलांच्या नातसुनेनं परवानगी दिली होती. मी म्हटलं, "काका, कागद चाळण्यात तुमची हयात गेली. तुम्हीच बसा."

"मी नातेवाईक. मला सापडलं तर लोक म्हणतील, यानंच ठेवलं असंल. अन् पाटलाचं सापडलं तर मला आनंद होईल, तिचं सापडलं तर कमी होईल. अशा माणसानं बसू नये. शेख सर वाचतील, प्रज्ञा लिव्हील, तुम्ही यादी करा." त्या लेखाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. दर बैठकीत फक्त विचारायचे, "कितवा?"

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा काका गेले. तो खोकला. सकाळी काकूंनी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. दशक्रियेला अण्णा मला म्हणाले, "ताई, तुमच्या वहीत दादाचं काम हाय म्हणं." मी वही दाखवली. त्यांनी ते अक्षर पाहिलं आणि माझा फोन नंबर लिहून घेतला.

प्रज्ञा म्हणाली, आपण कोशात काकांवर लेख लिहू. पण त्यांच्याविषयी कुठं काही छापून आलेलं नाही. लेख टिकला नसता, आणि काका असते तर त्यांनीच तो सर्वांच्या आधी काढला असता. म्हणून मी हे इथं लिहिलं.

शेख सरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ते शनिवारी दोन तास वाचतात, जास्त नाही. दगड अजून कठड्याला टेकून आहे. उन्हाळ्यात बायका त्यावर कुरडया घालतात, असं अण्णा सांगतात. ते दर शनिवारी संध्याकाळी फोन करतात.

"ताई, किती राहिले?"

"बारा."

"घाई नाय. पण नीट बघा. त्या पोरीच्या आजीचं बी बघा."

पुढच्या शनिवारची यादी तयार आहे. भिंग, पेन्सिली, शेख सरांचे डोळ्यांचे थेंब. चौथी नोंद म्हणजे काकांनी वहीत लिहिलेलं काम, फक्त रुमालांचे आकडे बदलून उतरवून घेतलंय: बारव, रुमाल वीस ते एकतीस, वाचणे बाकी.