हौसाक्काचं नाव

भुताची कादंबरी लिहायची आणि वाचक घाबरला की त्याच्यावरच चिडायचं, असा माणूस मी एकच पाहिला. आमचे अण्णा. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत आम्ही दोघं ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने, बनवायचो. कुणी म्हणालं, "अण्णा, तुमच्या पुस्तकानं झोप उडाली," की ते रंधा खाली ठेवत. "घाबरलास? मग तुला कायबी कळलं न्हाय. पुन्ना वाच."

कारण त्यातलं भूत म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, हौसाक्का. चंदगडकडच्या तिच्या सासरी तिला विहिरीत ढकललं आणि पाय घसरला म्हणून सांगितलं. गावानं तिची हडळ करून टाकली, माहेरानं तिचं नाव घेणं सोडलं. अण्णांनी ते नाव कादंबरीत तसंच ठेवलं. त्यातली हौसा कुणाला धरत नाही. तिन्हीसांजेला दाराशी येते, तिची रडणारी तान्ही लेक गप्प होते, आणि खुनी मात्र त्या शांततेनंच खचत जातो.

त्यावरचा पहिला सिनेमा कोल्हापूरच्याच मंडळींनी पदरमोड करून काढला होता. त्यात भूत दिसतच नव्हतं. पाळण्यातलं पोर एकाएकी शांत व्हायचं, एवढंच. अण्णा थेटरात ढसाढसा रडले होते.

लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा जरा मोठा करतात. अण्णा व्यवहारातही तसेच. म्हणायचे, "शब्द देताना जरा सैलच द्यावा, पाळताना आकसतोयच." तोच सिनेमा नव्यानं काढायला दिग्दर्शक आला, पाया पडला, तेव्हा ते म्हणाले, "नाव तेवढं बदलू नगा. बाकी तुमास्नी वाटंल तसं करा." मी शेजारीच बसलो होतो. मीही मान डोलावली.

नाव सिनेमावाल्यांनी तेच ठेवलं. पोस्टरभर मोठ्ठं, खाली रक्ताळलेले दात. सिनेमात हौसा स्वतःच्याच लेकीच्या पाळण्यावर झेप घेते, आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. असला भिकारडा सिनेमा मी आयुष्यात पाहिला नाही.

हौसाक्काची खरी लेक, सुनंदा, आजऱ्याला काजूच्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्या बायका मोबाइलवर तिला ते पोस्टर दाखवून हसत. अण्णा माफी मागायला निघाले, सोबत मी. तिनं पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही.

"मामा, मला आई आठवत न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात हुती तेवढीच माझी आई. आता डोळं मिटलं की ती दातवालीच दिसती."

अण्णा तसेच माघारी फिरले. पुन्हा कुणाला त्यांनी पुस्तक वाच म्हटलं नाही, आणि वर्षाच्या आत गेले. त्यांच्या मातीला सुनंदा आली नाही. मला तिचा राग आला नाही, माझाच आला.

सिनेमा चालला. आता दुसरा भाग काढताहेत म्हणे, नाव तेच ठेवून.