पहिल्या क्रमांकामागचे कान

उज्ज्वलाताई रणपिसे यांची ओळख मला रांगेतली जागा आणि डबाभर श्रीखंड एवढ्याला पडली. सिंगापूरच्या लिटिल इंडियातल्या दुकानात मी पैसे द्यायला उभा होतो. शेजारच्या मोबाइलवाल्याकडे एक स्पॅनिश गाणं वाजत होतं. पुढच्या बाई यजमानांना म्हणाल्या, "हे रेडिओवरचं नव्हे हो. त्यात टाळ्या इतक्या लवकर येत नाहीत." मी रांग सोडून त्यांना गाठलं. बोलणं संपेपर्यंत हातातल्या श्रीखंडाचं पाणी झालं. पण आमच्या कंपनीला दुसरा कान मिळाला.

बुओना व्हिस्टातल्या आमच्या छोट्या ऑफिसाचं काम थोडं सांगायला हवं. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली रेडिओ केंद्रं कुठलं गाणं किती वेळा वाजवतात, ते आम्ही मोजतो. त्यावरून दर आठवड्याची यादी निघते. मोजतं यंत्र; ते अडलं की आम्ही दोघं. एकमेकांकडे पाठ करून ऐकायचं आणि एकमत झाल्याशिवाय गाणं यादीत घ्यायचं नाही, ही शिस्त ताईंनी घातली. समोरच्याचा चेहरा पाहून मत बदलू नये, एवढंच. स्पॅनिश मात्र त्या मुद्दाम शिकल्या नाहीत. "शब्द कळले तर मी रमेन. मग मोजणार कोण?"

मी स्पीकर दुरुस्त करत इथवर आलेला माणूस. ‘या बेटावर माझ्याइतका तिखट कान दुसरा नाही,’ असं ग्राहकांना बिनदिक्कत सांगत असे. ताई हसायच्या. "सांगा, सांगा. धंदा चालतो त्यावर."

माणूस म्हणून त्या कशा, तर मी तापाने पडलो तेव्हा चोआ चू कांगच्या आपल्या घरून मेट्रोने मऊ भात घेऊन आल्या, आणि माझ्याच स्वयंपाकघरात हेडफोन लावून माझ्या वाटची केंद्रंही ऐकत बसल्या. वर म्हणाल्या, "उठू नका. तुमच्या खोकल्याने गाणं बिघडतं."

साठी जवळ आली तशी ताईंच्या उजव्या कानात शिट्टी वाजू लागली. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. त्याच सुमारास एक गाणं पहिल्या क्रमांकावर जाणार असं दिसत होतं आणि यंत्र अडलं. आम्ही पाठमोरे बसलो. ताई म्हणाल्या, "निम्म्या केंद्रांवर मागे बारीक किणकिण आहे. ही रेकॉर्डिंगं दोन आहेत." रेकॉर्डिंग वेगळं तर मोजणी वेगळी, हा ग्राहकाचा नियम. म्हणजे गाणं खाली येणार. मला किणकिण ऐकूच आली नाही. मी बोलून गेलो, "ताई, ती तुमच्या कानातली तर नसेल?"

त्यांनी हेडफोन हळूच खाली ठेवला. "त्याचीच भीती वाटते हो. कानच गेले तर मी इथे कशाला?"

यादी अडकली, ग्राहकाचे फोन सुरू झाले. ताईंनी मूळ रेकॉर्डिंगची चौकशी रेकॉर्ड कंपनीकडे पाठवली, पण स्वतः डॉक्टरकडे जाईनात. शेवटी त्यांची लेक सिंगापुरी ढंगात वैतागली, "आई, चेक करून टाक ना, लाह! किती घाबरतेस!" मी सोबत गेलो. क्लिनिकमध्ये ताई पर्सची चेन उघडत-मिटत होत्या. त्या नसल्या तर माझ्याकडे पाठ करून कोण बसणार, हाच विचार माझ्या डोक्यात होता. नाव पुकारलं तेव्हा उठता उठता म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्हीही कान तपासून घ्या. नियम दोघांचा आहे."

त्यांची शिट्टी वयाची निघाली, ऐकणं शाबूत. रेकॉर्ड कंपनीचंही उत्तर आलं: रेकॉर्डिंगं दोन. ते गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

हे सगळं ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिहा. पण तुमचंही लिहा."

तर ताईंनी शंभरीपर्यंत असंच ठणठणीत राहावं, कानातल्या शिट्टीने आहे तिथेच थांबावं, आणि माझ्या पाठीमागची ती खुर्ची कधी रिकामी होऊ नये. दर तपासणीला मला त्यांच्याइतकीच भीती वाटते, म्हणून हे मागणं जरा मोठ्यानेच मागतो.

राहिलं माझं. उंच सूर मला ऐकू येत नाहीत. श्रवणयंत्र लागलं ते मला.