टेकडीवर फिरलेली सुई

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. मागच्या एप्रिलात सात मुलींना घेऊन दौलताबादच्या पलीकडच्या एका टेकडीवर गेले होते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की ते त्याला दाढीच्या खुंटांसारखे चिकटतात. हे खाली दाखवून झालं होतं. वर जाऊन दिशा मोजायच्या आणि डबे खायचे, एवढंच राहिलं होतं.

माथ्यावर, शहरातल्या छावणी भागात राहणारी एक मुलगी ओरडली, "मॅडम, सुई पागल हो गई!"

खरंच, होकायंत्र पश्चिमेला उत्तर म्हणत होतं.

"आधी बांगड्या काढ, मोबाइल लांब ठेव. आणि ते नीट सांभाळ, कॉलेजची वस्तू आहे."

तिने बांगड्या काढल्या. सुई तशीच. ती दोन पावलं सरकल्यावर तर सुईने अर्धा फेरा घेतला. मी वहीत 'मॅग्नेटाइट जास्त' असं लिहिलं आणि सतरंजी अंथरली.

खालून एक शेळ्यावाली हाका मारायला लागली. "ओ बाई, तिथं नका बसू! तिथं ईज पडती. माज्या शेळ्या पन तिथं टेकत नाय."

"आभाळ मोकळं आहे, मावशी."

"मागं बघा की!"

लासूरकडचं आभाळ काळंनिळं झालं होतं. वीज खडकात शिरली की त्यातल्या मॅग्नेटाइटला नवीच दिशा लावून जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पावलागणिक सुई फिरत होती ती त्यामुळेच. वीज इथेच पडत होती, आणि मी मुलीला बांगड्या काढायला लावत बसले होते.

"डबे राहू द्या. खाली चला. पळू नका, थांबूही नका."

गाडीपाशी पोचून मुली मोजल्या. सहा. छावणीतली नव्हती.

"ती होकायंत्र आणायला परत गेली, मॅडम. दगडावर राहिलं होतं. तुम्ही रागवाल म्हणाली."

मी वर निघाले. "आता नका जाऊ हो," शेळ्यावाली म्हणाली. मी ऐकलं नाही. वीज चमकली की आकडे म्हणायचे, आवाज आला की मोजणं थांबवायचं. आधी आठ, मग पाच. वीज जवळ येत होती. तीनवर असताना ती दिसली, घसरत उतरत होती, होकायंत्र छातीशी धरून.

रागवायला वेळ नव्हता. दंड धरून तिला ओढतच खाली आणलं. गाडीचं दार लावलं आणि टेकडीचा माथा पांढराफटक झाला. आवाज त्याच क्षणी आला. मुली किंचाळल्या.

काचांवर पाऊस वाजत होता.

"मॅडम, हात सोडा ना. दुखतोय."

मी सोडायला गेले, पण बोटं उघडेनात. शेवटी शेजारच्या मुलीने ती एकेक करून सोडवली.