जर्मन मामा, इटालियन सासरे

माझं लग्न दोन मोटारींनी जवळजवळ मोडलं होतं. एक जर्मन, एक इटालियन. दोन्ही स्पोर्ट्‌स कार, चाळीसेक वर्षांच्या, आता कारखान्यात न बनणाऱ्या, आणि दोन्ही माझ्यापेक्षा लाडात वाढलेल्या.

जर्मन गाडी निरगुडसरच्या मामाची. वडील गेल्यावर मामानंच मला वाढवलं, शिकवलं. द्राक्षांनी हात दिला तेव्हा लोकांनी बंगले बांधले. मामानं मुंबईच्या एका शेठकडून ही बेडकासारखी बसकी गाडी आणली. इटालियन गाडी बोरी बुद्रुकच्या एका पोल्ट्रीवाल्यांची. त्यांची मुलगी मला पसंत होती आणि तिलाही मी चालत होतो. बोलणी पक्की करायला त्यांनी आम्हाला दसऱ्याला बोलावलं. मामा चांगली जीप घरी ठेवून जर्मन घेऊन निघाला. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला मी उतरायचं, वाकून गाडीचं पोट घासतंय का बघायचं आणि पुन्हा बसायचं. बोरी येईस्तोवर माझ्या इस्त्रीची पार वाट लागली.

अंगणात लाल इटालियन झेंडूचा हार घालून उभी होती. मामानं आपली तिच्या शेजारी लावली. झालं! लग्न राहिलं बाजूला. शर्यतीचा खोंड पारखावा तशी मंडळी दोन्ही गाड्यांभोवती फिरू लागली. इटालियनच्या सीटचं कातडं हातानं शिवलेलं, जर्मनच्या सीटा साध्या पण घट्ट. इटालियनचा आवाज लई भारी, तर जर्मन किल्ली फिरवली की सुरू. सगळं बरोबरीत चाललं होतं. मग यजमानांनी बॉनेट उघडलं. बारा सिलेंडर, चकाचक.

"आता तुमचं उघडा, पावणं."

मामानं उघडलं. आत स्टेपनी आणि मामीनं दिलेला लाडवांचा डबा.

"इंजिन घरी इसरलं का काय?" एका म्हाताऱ्यांनी विचारलं.

"मागं हाय," मामा म्हणाला. "जर्मन लोकांनी इचार करून बसवलंय."

"बैल गाडीच्या मागं कोन जुपतं, राव?"

अख्खं अंगण हसलं. मामाचे कान लाल झाले. यजमान माझ्याकडं वळले, कारण मी पुण्यात जुन्या परदेशी गाड्याच दुरुस्त करतो. "तुमीच सांगा. कोनती सरस?"

खरं उत्तर मला पाठ होतं. वळणातून सुटताना मागच्या सहा सिलेंडरच्या इंजिनाचं वजन चाकं रस्त्याला दाबून धरतं. जर्मन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. इटालियन दर महिन्याला माझ्यासारख्याच्या दारात असते. पण समोर सासरा होऊ घातलेला माणूस उभा. मी म्हणालो, "बारापुढं सहा सिलेंडर म्हणजे..."

मामानं बॉनेट हळूच लावलं, रुमालानं पुसलं. मला माझीच लाज वाटली. "जेवून निगू," एवढंच तो म्हणाला. लग्नाचा विषय काही काढेना.

तेवढ्यात मुलगी वाहनांच्या पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. सगळं तिनं दारातून ऐकलं होतं. तिनं ट्रॅक्टरला कुंकू लावलं, वडिलांच्या गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. जर्मनच्या तोंडापुढून मात्र ती सरळ मागं गेली.

"मामा, हिकडचं उघडता का?"

मामानं उघडलं. तिनं इंजिनावर हळद-कुंकू वाहिलं आणि फूल ठेवलं.

"अगं, मागून पूजा?" म्हातारे म्हणाले.

"जितं जोर, तितं कुंकू, आजोबा."

मामाचा चेहरा असा खुलला की त्यानं लाडवांचा डबा स्वतःच काढून वाटायला घेतला. जेवणाआधी सुपारी फुटली.

परतताना पहिल्या गतिरोधकाला उतरून, पोट बघून मी पुन्हा बसलो.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणालो.

त्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "पोरीला मागचं-पुढचं कळतं," तो म्हणाला. "तुला न्हाई."